मन-भटकंती तक्ता, नमुना क्रमांक एक

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खोक्यांच्या कारखान्यात, मंगळवार दिनांक तीन फेब्रुवारी रोजी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तृप्ती गांगुर्डे, वय सव्वीस, पद डिझायनर, ही कर्मचारी खिडकीबाहेर बघत असताना आढळून आली.

आता आढळून आली म्हणजे काय, ती रोजच बघायची. चार वर्षं बघत होती, कोणाला काही आढळलं नव्हतं. पण त्या दिवशी मालक लखनशेट नुकतेच गंगापूर धरणाजवळच्या एका रिसॉर्टवर दोन दिवसांचं शिबिर करून आले होते. शिबिराचं नाव होतं ‘एक मन, एक काम, एक कोटी’. असं शिबिर करून आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात काहीही आढळतं.

ते तृप्तीच्या मागे येऊन उभे राहिले. "काय बघतेस?"

"कावळा, शेट."

"कावळ्याचं काही काम आलंय का आपल्याकडे?"

"नाही हो. तो फोर्कलिफ्टवर बसलाय. फोर्कलिफ्ट खाली-वर होतेय तरी उठत नाहीये. त्याला वाटत असेल आपणच उडतोय. म्हणून मी म्हटलं की..."

"थांब." शेटनी हात वर केला. शिबिरात शिकवलेला हात. "तुझं डोकं सोनं आहे, तृप्ती. पण गळतंय."

तृप्तीचं डोकं कसं आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तिचं डोकं म्हणजे आपला नाशिकचा द्वारका चौक, सकाळी दहाचा. मुंबईकडून ट्रक, पुण्याकडून बस, धुळ्याकडून कांद्याचा ट्रॅक्टर, त्यात एक रिक्षा उलटी, त्यात एक म्हैस. नवीन माणूस बघतो आणि म्हणतो, गेलं, हे काही आता सुटत नाही. पण सुटतं ना! रोज सुटतं! तृप्ती एका हातानं मिरचीच्या पाकिटाची किनार काढायची, दुसऱ्या हातानं वडापाव खायची, कानाला फोन, आणि मशीनवरून अकबरचाचा ओरडायचे, "बेटा, हा हिरवा जास्त होतोय का?" की ती न बघता ओरडायची, "चाचा, पिवळा दोन कमी!" आणि तो बरोबर निघायचा. आठवड्याला आठ-नऊ डिझाइनं बाहेर पडायची. गिऱ्हाइकाची तक्रार नाही, मशीनची नाही, म्हशीचीसुद्धा नाही.

पण गळतंय हे तृप्तीला लगेच पटलं. कारण पहिलीपासून दहावीपर्यंत तिच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर एकच शेरा होता. ‘हुशार आहे पण लक्ष नसते.’ दहा वर्षं, सहा बाई, चार सर, शेरा एक. त्यामुळे तिची स्वतःची पक्की खात्री होती की आपल्यात काहीतरी बिघाड आहे आणि कधीतरी कोणीतरी येऊन तो दुरुस्त करणार आहे. आज शेट आले. हातात डायरीही होती.

डायरीचा नियम सोपा. कामाबाहेरचा विचार आला की तो वेळेसहित डायरीत लिहायचा आणि कामावर परत यायचं. बस.

आणि काम तर तसंच होतं, अगदी तातडीचं. दिंडोरीकडच्या कुसाबाईंच्या द्राक्षांचं खोकं.

या कुसाबाई म्हणजे साठीच्या, चार एकर बाग, स्वतः छाटणीला उभ्या राहणाऱ्या. वीस वर्षं त्यांची द्राक्षं एका व्यापाऱ्याच्या खोक्यातून जायची आणि त्या खोक्यावर सिंह होता. द्राक्षांचा आणि सिंहाचा संबंध काय, हे वीस वर्षांत कोणी विचारलं नाही. या वर्षी त्यांनी पुण्याच्या एका मोठ्या दुकानाशी परस्पर ठरवलं आणि ऑर्डर द्यायला स्वतः कारखान्यात आल्या. तृप्तीच्या टेबलावर तळवा आपटून म्हणाल्या होत्या, "माझं नाव पायजे, पोरी. मोठं. लांबून दिसलं पायजे. त्या सिंव्हानं कधी छाटणी केली का?" अकरा तारखेला, बुधवारी, माल काढायचा होता. चार हजार खोकी. द्राक्षात साखर भरली की ती काही कोणाची वाट बघत नाही. म्हणजे मंगळवारी छपाई, आणि त्याआधी सोमवारपर्यंत डिझाइन. तृप्तीनं शब्द दिला होता. त्या दिवशी सकाळी कावळ्याकडे बघत ती खरं तर कुसाबाईंच्या खोक्याचाच विचार करत होती, पण तो रस्ता कावळ्यावरून जात होता. आता हे शेटना कोण सांगणार?

तर तृप्ती प्रामाणिकपणे डायरी घेऊन बसली. ११.३१, मिरचीच्या पाकिटावरची मिरची हसरी का असते? तिला काय माहीत नाही का पुढे काय होणार आहे? ११.३२, ही डायरी संपली तर दुसरी कोण देणार? ११.३३, डायरी संपण्याचा विचार कामाचा धरायचा की बाहेरचा? ११.३४, हे कोणाला विचारायचं? आधी काय व्हायचं, विचार यायचा आणि जायचा, जाताना थोडं काम करून जायचा. आता प्रत्येकाला बसवून नाव, गाव, वेळ विचारायची. संध्याकाळपर्यंत चाळीस पानं भरली. दोनशे बारा विचार. कुसाबाईंच्या खोक्यावर तीन रेघा.

शेटनी डायरी चाळली. रक्त तपासल्यावर साखर निघते ना, तेव्हा डॉक्टर करतो तसा चेहरा केला. "दोनशे बारा. एका दिवसात. बघ, चार वर्षं अंगात होतं आणि आपल्याला पत्ता नाही."

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एकाग्रता विभाग स्थापन झाला. प्रमुख मनीषा मॅडम. मनीषा मॅडम आधी हजेरी बघायच्या. माणसाचं शरीर वेळेवर येतं का हे बघण्याचा त्यांना सात वर्षांचा अनुभव होता, त्यामुळे मनाची हजेरीही त्यांच्याकडेच जाणं सगळ्यांना रास्त वाटलं. मॅडम वाईट नव्हत्या हां. उलट खूपच मन लावून करायच्या. तीच तर पंचाईत होती.

मॅडमनी पहिल्याच दिवशी टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ आणलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं आराम, मग घंटी.

अकबरचाचांनी घड्याळ उलटसुलट करून पाहिलं. "पिंपळगावात टोमॅटो कमी पडले काय, हितं पण आणले?"

"चाचा, ही जगभर मान्य पद्धत आहे," मॅडम म्हणाल्या.

"असेल. पण माझी मशीन तापायलाच चाळीस मिनिटं घेते. ती पंचवीसला बंद केली तर मग ती फक्त तापेल आणि थंड होईल."

"मशीनला नाही हो, मनाला."

"हां, मग ठीक आहे. मनाचं काय, कसंही चालतं."

घड्याळ वाजायचं तेव्हा तृप्तीला नेमकं काहीतरी सुचायला लागलेलं असायचं. पण आराम म्हणजे आराम. आरामात सुचलेलं वापरायचं नाही, कारण मग तो आराम राहत नाही. बरं, आरामाच्या पाच मिनिटांत ती खिडकीकडे बघायची, म्हणून गुरुवारी खिडकीचा प्रश्न हाती घेण्यात आला.

खिडकी बुजवणं खर्चिक. पण कारखाना कशाचा आहे? खोक्यांचा! सातपदरी पुठ्ठ्याचं एक मोठं खोकं करून तृप्ती, टेबल आणि कॉम्प्युटर यांच्यावर ठेवण्यात आलं. याला ‘एकाग्रता कक्ष’ म्हणायचं. समोर एक फट, चहाचा ग्लास जाईल एवढी. पुठ्ठा जुन्या ऑर्डरीतला होता, म्हणून बाहेरून छापलेलं होतं, ‘नाजूक माल. उलटे करू नये.’ शेट म्हणाले, राहू द्या, योग्यच आहे.

कक्ष आला तशी अडचण आली की आत मन भटकतंय की नाही हे बाहेरून दिसेना. आधी निदान मान वळलेली दिसायची. मग मॅडमनी यावर तोडगा काढला. तोच आपला तक्ता. मन-भटकंती तक्ता, नमुना क्रमांक एक. रकाने पाच. मन कधी गेले. कुठे गेले. कोणाच्या परवानगीने. परत कधी आले. येताना काय आणले.

"पण हा दिसायला छान पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "छान असला की भरावासा वाटतो. तृप्ती, तूच कर."

"मॅडम, कुसामावशींचं खोकं..."

"अगं, तक्ता झाला की खोकं दुप्पट वेगानं होईल. आधी कुऱ्हाडीला धार लाव, मग झाड तोड." हेही शिबिरातलंच होतं.

"झाड कशाला तोडायचंय? द्राक्षं काढायचीत."

"हे बघ, हा विचार तू डायरीत लिही."

गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारची सकाळ तृप्तीनं तक्ता केला. आणि काय केलाय महाराजा! चारही बाजूंनी द्राक्षाची वेल, प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर वेगळं पान, अक्षर असं गोल की हात फिरवावा, आणि उजव्या कोपऱ्यात फोर्कलिफ्टवर बसलेला एक समाधानी कावळा. या तीन दिवसांत तिचं मन एकदाही भटकलं नाही असं कार्यालयीन नोंदीवरून दिसतं. कारण भटकंती नोंदवायचा तक्ता अजून तयारच नव्हता.

शेट खूश. मॅडम तर रडायच्याच बाकी. त्याच उत्साहात शेटनी नवीन शिस्त जाहीर केली. इथून पुढे छपाईला तेच जाणार ज्यावर तीन सह्या असतील. एक, डिझायनरची. दोन, हे काम एकाग्रतेनं झालं अशी मॅडमची. तीन, मालकाची. तीन सह्या झाल्या की कागद ‘मंजूर’ लिहिलेल्या हिरव्या ट्रेमध्ये. तक्त्यावर तिथल्या तिथे तिन्ही सह्या झाल्या आणि तो हिरव्या ट्रेमध्ये पहिला जाऊन पडला.

दुपारी कुसाबाई आल्या. हातात पिशवी, पिशवीत द्राक्षांचा एक घड. खोकं बघायला आल्या होत्या. टेबल होतं तिथे भलतंच खोकं दिसलं.

"माझ्या मालाला एवढं मोठं नको," त्या म्हणाल्या.

"ते तुमचं नाही, मावशी," मॅडम म्हणाल्या. "त्यात तृप्ती आहे."

कुसाबाई खोक्याभोवती एक फेरी मारून आल्या. मग फटीशी वाकल्या. "पोरी, काय केलंस गं? कोंडलं का तुला?"

आतून आवाज आला, "नाही मावशी, माझं लक्ष लागत नाही ना, म्हणून."

"कशात?"

"तुमच्या खोक्यात."

"अगं मग बाहेर ये की! मी हितं हाय, माल हितं हाय, तू तिकडं अंधारात काय बघून काढणार?" त्यांनी फटीतून घड आत सरकवला. "खाऊन बघ. साखर भरली. बुधवारी कात्री लावायची म्हंजे लावायची."

"मावशी, गिऱ्हाइकानं थेट बोलणं हा व्यत्यय धरला जातो," मॅडम अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "त्याचा वेगळा अर्ज आहे. अठ्ठेचाळीस तासांत उत्तर मिळतं."

"बाई, मी छाटणीला उभी ऱ्हाते तवा माझ्या डोक्यात काय काय आसतं, माहिताय का? पाणी आलं का, सुनेचा ताप उतरला का, पाखरं बसली का, काल त्या गोटीरामची बायको मला काय बोलली आन् मी तिला काय बोलायला पायजे हुतं. समदं आसतं. कात्री आपली चालती. डोकं रिकामं झालं ना, त्या दिवशी हे झालं." असं म्हणून त्यांनी डावा हात पुढे केला. करंगळीचं शेवटचं पेर नव्हतं. "त्या दिवशी म्हनलं, कशाचाच इचार करायचा नाय, नुसती छाटणी करायची. बसली कात्री."

तेवढ्यात टोमॅटो वाजला. आराम. तृप्ती खोक्याची कड उचलून बाहेर आली, तोंडात द्राक्ष, आणि तिची नजर त्या हातावर पडली आणि अशी थांबली की बस. तिनं कचऱ्यातला एक छापून वाया गेलेला कागद ओढला, उलटा केला, आणि उभ्या उभ्या काढायला लागली. आधी हात. मग हातातली कात्री. मग अपुरी करंगळी, आणि त्या करंगळीपासून निघालेली वेल, ती वळत वळत गेली आणि तिचंच अक्षर झालं, कु-सा-बा-ई, लांबून दिसेल असं. हे करताना ती चाचांना नव्या शाईबद्दल विचारत होती, द्राक्षं खात होती, आणि एकदा तर कावळा आलाय का म्हणून वळूनही बघितलं.

काढून झालं तसा कुसाबाईंनी कागद हातात घेतला. चष्मा नव्हता, म्हणून लांब धरला. मग आपला हात त्या हाताशेजारी ठेवला.

"माझाच हाय हा," म्हणाल्या. "बोट पन माझंच हाय."

अकबरचाचा मशीन सोडून आले होते. "बेटा, हे उद्या छपाईच्या प्लेटवर घेतो. रविवार असला तरी येतो."

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. त्यांनी घड्याळ बघितलं, वहीत बघितलं, परत घड्याळ बघितलं. "हे काम अकरा मिनिटांत झालं."

"हो," तृप्ती म्हणाली.

"त्यातली पाच आरामाची. उरलेली सहा घंटी वाजल्यावरची, म्हणजे कामाची, पण कक्षाबाहेरची. एकाग्र मिनिटं शून्य. म्हणजे नोंदीप्रमाणे हे काम झालेलंच नाही."

"पण हे काय आहे मग?" तृप्तीनं कागद दाखवला.

"ही भटकंती आहे. खूप छान भटकंती आहे." मॅडमचे डोळे खरंच भरून आले होते. "माझ्याकडून सही नाही होणार गं. आज तुझ्यासाठी नियम वाकवला तर उद्या कोणीही उठेल आणि पटकन काम करून टाकेल. तू असं कर, सोमवारी कक्षात बस आणि हेच्च परत कर. एकाग्रतेनं."

कुसाबाई दारातून वळून म्हणाल्या, "काय करायचं ते करा, पन बुधवारी सकाळी सातला गाडी उभी पायजे. आन् त्याच्यावर माझं नाव पायजे."

"देते, मावशी," तृप्ती म्हणाली. दुसऱ्यांदा शब्द दिला.

सोमवारी तृप्ती कक्षात बसली आणि तोच हात काढायला लागली. आता गंमत अशी की एकदा जिवंत आलेलं चित्र परत मागवलं की ते फोटोला बसल्यासारखं येतं. हात झाला. लाकडाचा झाला. परत काढला, हातमोजा झाला. घंटी. तक्ता भरा. मन कधी गेले, १०.१४. कुठे गेले, दिंडोरीला. कोणाच्या परवानगीने, कुसामावशींच्या. परत कधी आले, १०.१५. येताना काय आणले, करंगळी.

मॅडमनी त्यावर पेन्सिलीनं लिहिलं, ‘खुलासा करावा.’

तिनं खुलासा केला. खुलाशाला जावक क्रमांक पडला. तोपर्यंत चार वाजले. सातव्या वेळी हात जरा बरा आला, तृप्तीची सही झाली, नोंदीत एकशे पंचवीस एकाग्र मिनिटं भरली म्हणून मॅडमचीही झाली. राहिली तिसरी. आणि शेट कुठे? शेट शिबिराच्या दुसऱ्या टप्प्याला गेलेले. दुसऱ्या टप्प्यात मोबाईल गेटवर जमा करायचा, दोन दिवस मौन, सगळं लक्ष व्यवसायावर. व्यवसायानं फोन केला तर मात्र लागणार नव्हता.

मंगळवारी सकाळी अकबरचाचा छपाईला उभे राहिले. ऑर्डर चार हजार, पुठ्ठा तयार, शाई तयार. हिरव्या ट्रेमध्ये बघितलं. तीन सह्यांचा कागद एकच. वेल आहे, द्राक्षं आहेत, पानं आहेत, कोपऱ्यात कावळा आहे. मधे रकाने कसले ते त्यांना कळेना. आठ दिवसांपूर्वीची गोष्ट असती तर त्यांनी मशीनवरून ओरडून विचारलं असतं, "बेटा, हेच का?" आणि तिकडून उत्तर आलं असतं, "चाचा, वेड लागलं का?" आणि विषय संपला असता. पण ओरडणं आता व्यत्यय होता. चाचा तीस वर्षं नियमानं नोकरी केलेला माणूस. त्यांनी रीतसर व्यत्यय अर्ज भरला, ‘तृप्ती बेटाला एक सवाल पुछना है’, पेटीत टाकला, आणि पेटीवरची पाटी वाचली. उत्तर अठ्ठेचाळीस तासांत.

मशीन तापलेली. बुधवारी सातला गाडी. चाचांनी डोकं खाजवलं. द्राक्षांवर त्यांनी आजवर सिंह छापला होता, विमान छापलं होतं, एक गोरं गोरं बाळ छापलं होतं. तेव्हा कुठे कोणी विचारलं? कावळा आणि रकाने तर त्या मानानं साधेच. त्यांनी बटण दाबलं.

आणि पन्नास फुटांवर, सातपदरी पुठ्ठ्याच्या आत, तृप्ती दिवसभर, आणि पुढे रात्रभरही, शेटची वाट बघत एकाग्र होती. मशीनचा आवाज तिला ऐकू येत होता. तिला वाटलं, मिरचीची पाकिटं असतील. खोक्याला खिडकी नव्हती.

बुधवारी सातला गाडी दिंडोरीत उभी राहिली. माल काढायला पहाटेच सुरुवात झालेली, कॅरेटचे कॅरेट भरलेले. कुसाबाईंनी पहिलं खोकं उलगडलं. मोठ्ठ्या अक्षरात, लांबून दिसेल असं, लिहिलं होतं, मन-भटकंती तक्ता. खोकं फिरवलं. चारही बाजूंना तेच. त्यांनी फोन लावला. कारखान्यात लँडलाइन मॅडमनी उचलली, म्हणाल्या, तृप्ती कक्षात आहे.

"तिला म्हणावं," कुसाबाई म्हणाल्या, "माझं नाव कुठंय?"

एवढंच. ना शिवी, ना आरडाओरडा. मॅडमनी निरोप चिठ्ठीवर लिहिला आणि फटीतून आत सरकवला. वेळेसहित.

या वेळी तृप्ती खोक्याची कड उचलून बाहेर आली नाही. खोक्याच्या भिंतीतून आली. सातपदरी होतं, तरी. टेबलावरचे सगळे काळे मार्कर उचलले आणि ॲक्टिव्हा घेऊन जी सुटली ती थेट बागेत. तिथे माणसं खोकी भरत होती, काय करणार, काढलेली द्राक्षं परत वेलीला लागत नाहीत. तृप्ती मांडी घालून बसली आणि एकेका खोक्यावर, रकान्यांच्या वर, हात काढायला लागली. कात्री, करंगळी, वेल, नाव. ना टोमॅटो, ना आराम. शेजारी बायका बोलत होत्या, रेडिओ चालू होता, एक कुत्रं पाय चाटत होतं, आणि हात मात्र शनिवारसारखा येत होता, जिवंत. दहाला ट्रक हलला तोपर्यंत एकतीस झाले.

कारखान्याच्या नोंदीत त्या दिवशी मॅडमनी लिहिलं, ‘मन व शरीर दोन्ही विनापरवाना.’

चार हजार खोकी पुण्याला पोचली. दुकानानं त्यातली एकतीस परत पाठवली. कारण लिहिलं होतं, ‘शाईने खराब झालेला माल.’

आणि उरलेली? ऐका. उरलेली तीन दिवसांत संपली! कोणीतरी पहिला फोटो टाकला, द्राक्षाच्या खोक्यावर चक्क ‘मन कुठे गेले?’ मग काय, जो तो फोटो. माणसं पेन घेऊन खोकं भरायला बसली. एका बाईनं म्हणे द्राक्षं मोलकरणीला दिली आणि खोकं फ्रेम केलं. दुकानाचा फोन आला की अजून पाच हजार पाठवा. लखनशेट नुकतेच मौनातून बाहेर आलेले, घसा साफ करत म्हणाले, "द्राक्षं लगेच जमतील का बघतो." तिकडून उत्तर आलं, "द्राक्षं नसली तरी चालेल."

शेट हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "बघा! याला म्हणतात फोकस."

मनीषा मॅडम आता विभागप्रमुख आहेत, चार शाखांच्या. अकबरचाचांना व्यत्यय अर्जाचं उत्तर गुरुवारी मिळालं, ‘विचारू शकता.’ आणि तृप्तीला एकाच दिवशी दोन पत्रं आली. एक, उत्कृष्ट तक्त्याबद्दल बढतीचं. दुसरं, एकतीस खोकी खराब केल्याबद्दल कामावरून कमी केल्याचं. दोन्हींवर प्रत्येकी तीन सह्या. तिनं दोन्ही घेतली, कारण मागची बाजू कोरी होती, आणि खिडकीपाशी पाच मिनिटं उभी राहिली. कावळा नव्हता. मग घरी गेली.

परत आलेल्या एकतीस खोक्यांतली द्राक्षं कुसाबाईंनी गावात वाटली. तृप्तीला घरी बोलावून एक खोकं दाखवलं, त्यात त्यांनी बाजरी भरून ठेवलीये. म्हणाल्या, "पैलं सिंव्हाच्या नावानं गेली, यंदा भटकंतीच्या. फुडच्या साली तूच काढ, पोरी. हितं वट्ट्यावर बसून काढ. कितीबी इकडंतिकडं बघ."

शेटनी मात्र तो तक्ता डायरीत छापलाय. चामड्यासारखं कव्हर, आत तीनशे पासष्ट पानं, कोपऱ्यात कावळा. गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंत प्रत्येक स्टेशनरीवाल्याकडे आहे. तुम्हीही घेतलीत. नाही म्हणू नका, तुमच्या टेबलाच्या खालच्या खणात आहे, पहिली चार पानं भरलेली, पाचव्यावर नुसती तारीख. पहिल्याच पानावर, येताना काय आणले त्या रकान्यात, एक गोल डाग पडलाय बघा. त्या दिवशी लिहिता लिहिता काहीतरी खात होतात तुम्ही.

गोड होतं का हो ते? आठवतंय?